डॉल्बी, सँडर आणि माझा डावा कान: गोंगाटातून घर वाचवायची रीत

मिरजेत आमचं तंबोरे-सतारी बनवायचं काम. आजोबा करायचे, अब्बा करतात, मी करतो. यात सगळ्यात नाजूक काम जवारी काढायचं. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीनं आणि बारीक पॉलिश पेपरनं इतका हलक्या हातानं घासायचा, की तार त्यावर नुसती टेकून राहत नाही, सरपटत पुढं जाते. मग एका तारेतून सुरांचा झुबका निघतो. घासायचं कधी थांबवायचं, हे सांगायला फूटपट्टी नाही. कान सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मी काढलेली एक जवारी अब्बांनी ऐकली आणि तंबोरा परत माझ्याकडं सरकवला. "किती चरचरतीय ही. पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी." मला तर ती अगदी गोड वाटत होती. मी वाद घातला. महिन्याभरानं पुण्याच्या एका गायिकेनं तंबोरा परत पाठवला, सोबत चिठ्ठी: जवारी जास्त खुलली आहे. तेव्हा मुकाट्यानं कानाच्या डॉक्टरांकडं गेलो.

ऑडिओग्राम काढला, म्हणजे कुठला सूर कानाला किती ऐकू येतो त्याचा आलेख. उजवा कान बरा. डाव्या कानाची रेघ सरळ चालत येऊन 4000 हर्ट्झला खड्ड्यात पडलेली, पुन्हा वर आलेली. वरचे सूर मला कमी ऐकू येत होते, म्हणून मला पुरेसे ऐकू येईपर्यंत मी घोडी घासत होतो. मी म्हटलं, "डॉक्टर, हे डॉल्बीनं केलं. आमच्या दारावरनं विसर्जन मिरवणूक जाते." ते म्हणाले, "वर्षातनं एक रात्र. बाकीच्या 364 दिवसांत कानाशी काय असतं ते बघा."

बघितलं, मोजलं. आमच्या कारखान्यात तंबोऱ्याच्या बुडाच्या भोपळ्याच्या कडा आणि लाकूड घासायला सँडर आहे, माझ्या डाव्या हाताला. माझ्या कानापाशी तो 96 डेसिबल दाखवत होता. रोज दोन तास, अकरा वर्षं. डॉल्बीवाल्यांना मी अकरा वर्षं शिव्या घातल्या, आणि चोर घरात होता.

तेव्हापासून गल्लीतले लोक येतात: झोप लागत नाही, पोरांचा अभ्यास होत नाही, काय करू? प्रत्येकाला जे सांगतो ते इथं क्रमानं लिहितोय. क्रम मोडू नका. बहुतेक लोक सुरुवात पोलिसात फोन करून करतात. माझ्या यादीत फोन बराच खाली आहे.

पहिलं काम: आठ दिवस वही

फोनवर डेसिबल मोजायचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या. फोनचा माईक बोलण्यासाठी बनवलेला असतो. फार मोठ्या आवाजाला तो गुदमरतो, फार खालचा आवाज त्याला नीट कळत नाही. त्यामुळं आकडा दोन-चार डेसिबल इकडंतिकडं धरा आणि तो घेऊन कोर्टात जायची स्वप्नं बघू नका. पण काल किती, आज किती, खिडकी उघडी असताना किती, लावल्यावर किती, हा फरक फोन चांगला दाखवतो. आपल्याला तोच हवा.

शाळेची वही घ्या. तारीख, कधीपासून कधीपर्यंत, कसला आवाज, कुठल्या खोलीत मोजला, खिडकी उघडी की बंद, आकडा. शेवटच्या रकान्यात त्या आवाजानं काय झालं ते: जाग आली, फोनवर बोलता येईना, पोरगं रडलं, डोकं चढलं. हा शेवटचा रकाना लोक सोडतात. पुढं सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

मोजायला सुरुवात स्वतःच्या घरापासून करा. आमच्या घरात चटणी वाटताना मिक्सर 88 ला गेला. पाण्याची मोटर ज्या लोखंडी चौकटीवर होती ती थेट झोपायच्या खोलीच्या भिंतीला ठोकलेली. पहाटे पाणी सुटलं की भिंत गुरगुरायची आणि आम्ही म्हणायचो, शेजाऱ्यांच्या मोटरीचा काय त्रास! मोटरीच्या पायाखाली जाड रबराचे तुकडे घातले, चौकट भिंतीपासून सोडवली, गुरगुर गेली. मिक्सरखाली घडी घातलेलं टॉवेल. या दोन गोष्टींना एक रविवार लागला.

आकड्यांबद्दल एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर वहीचा अर्थ लागणार नाही. डेसिबल रुपयांसारखे मोजायचे नसतात. तीन डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ताकद दुप्पट झाली. दहा वाढले म्हणजे दहापट, पण कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे ताकद वाढते त्यामानानं आपल्याला कमीच जाणवतं, आणि तिथंच आपण फसतो. कानाच्या डॉक्टर लोकांत एक हिशोब चालतो: 85 डेसिबलमध्ये रोज आठ तास, त्यावर प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा. माझ्या सँडरच्या 96 ला पाऊण तासही बसत नव्हता, आणि मी दोन तास बसत होतो.

कानाच्या आत शंखासारख्या नळीत पंधरा हजारांच्या आसपास केसाळ पेशी घेऊन आपण जन्माला येतो. मेलेली पेशी परत उगवत नाही. उंच सुरांच्या पेशी दारातच, म्हणजे शंखाच्या तोंडाशी असतात. त्या आधी जातात. म्हणून सुरुवातीला माणूस बहिरा वाटत नाही. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. 'सात' म्हटलेलं 'हात' वाटतं, 'साठ' की 'आठ' ते दुकानदाराला परत विचारावं लागतं. स, श, फ, च ही अक्षरं त्या वरच्या पट्टीत राहतात. घरातलं कुणी टीव्हीचा आवाज वाढवायला लागलं आणि "तू तोंडातल्या तोंडात बोलतोस" असं म्हणायला लागलं, तर त्या माणसाचा ऑडिओग्राम काढा. भांडू नका. मी भांडलो होतो.

दुसरं: आवाज वरचा की खालचा

हे आमच्या धंद्यातलं ज्ञान, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली.

कारखान्याच्या भिंतीला सुरात लावलेले तंबोरे टांगलेले असतात. मिरवणुकीचा पहिला ट्रॅक्टर अजून कोपऱ्यावर असतो, गाण्याचे शब्दही ऐकू येत नसतात, तेव्हाच भोपळ्यावर तळहात ठेवला तर आतून थरथर लागते. मग खर्जाची तार आपोआप गुणगुणायला लागते, कुणी न छेडता. पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज 70 हर्ट्झच्या आसपास असतो. डॉल्बीचा बेस त्याच्या शेजारी आणि त्याहून खाली. तो हवेतनं येतो तसा भिंतीतनं, जमिनीतनं येतो. खिडक्यांची तावदानं वाजतात, मांडणीतली भांडी वाजतात, छातीत धडधडतं.

असल्या आवाजाची लांबी बघा: 50 हर्ट्झची एक लाट जवळजवळ सात मीटरची. 4000 हर्ट्झची लाट नऊ सेंटिमीटरलाही भरत नाही. सात मीटरच्या लाटेपुढं एक इंची थर्माकोल म्हणजे पुराला आडवा केलेला कागद. तरी लोक थर्माकोल लावतात, अंड्यांचे ट्रे चिकटवतात, जाड पडदे टांगतात. पडद्यानं खोलीतला घुमारा कमी होतो, तेवढंच. बाहेरचा आवाज आत यायचा तो येतोच.

म्हणून वहीत प्रत्येक आवाजापुढं 'व' किंवा 'ख' लिहा. हॉर्न, भोंगा, कुत्री, पोरांचा ओरडा, फटाका, ग्राइंडर: व. बेस, जनरेटरची घरघर, बसस्टँडवर चालू ठेवलेलं एसटीचं इंजिन, भिंतीला टेकलेली मोटर: ख. पहिल्या प्रकाराला घरातच बराच अटकाव करता येतो. दुसऱ्याला उगमापाशीच जावं लागतं, घरात पैसे घालू नका.

एक फसवणूक सांगून ठेवतो. अ‍ॅपमध्ये साधारण 'ए' माप लावलेलं असतं. ते माणसाच्या कानासारखं खालच्या सुरांना कमी मोजतं. 50 हर्ट्झला तर तीस डेसिबल कापून टाकतं. त्यामुळं घर हादरतंय आणि फोन म्हणतो 68, असं होतं. अ‍ॅपमध्ये 'सी' माप असेल तर तेही लावून बघा. दोन आकड्यांत पंधरा-वीसचा फरक आला की समजा, खेळ बेसचा आहे.

तिसरं: फटी

झोपायची एकच खोली निवडा. सगळं घर बंद करायला गेलात तर उन्हाळ्यात भाजून निघाल आणि आठवड्यात सगळं उपटून टाकाल. गॅस गिझर ज्या खोलीला लागून आहे ती खोली तर मुळीच गच्च बंद करायची नाही. तिथं हवा हवीच.

रात्री खोलीतला दिवा बंद करा, बाहेर कुणाला तरी बॅटरी घेऊन उभं करा आणि खिडकी-दाराच्या कडेनं कुठून उजेड आत येतो ते बघा. उजेड येतो तिथून आवाज येतो. खिडकीच्या शंभराव्या भागाएवढी फट राहिली, तरी बाकीची काच कितीही जाड असो, ती खिडकी वीस डेसिबलपेक्षा जास्त अडवू शकत नाही. लोक जाड काचेला पैसे देतात आणि खालची बोटभर फट तशीच ठेवतात. छिद्र असलेल्या भोपळ्याचा तंबोरा कुणी करेल का?

सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या सगळ्यात गळक्या, दोन दारं एकमेकांवरनं सरकायची म्हणजे मधे वाट राहणारच. कडेला दाबून बसणाऱ्या, कडी घालायच्या खिडक्या चांगल्या. हार्डवेअरच्या दुकानात मागच्या बाजूला चिकट असलेली रबरी पट्टी मिळते, ती चौकटीला लावा. स्पंज घेऊ नका, वर्षात भुगा होतो. दाराच्या खाली रबरी झालर. एसी काढून टाकल्यावर राहिलेलं भोक, केबलवाल्यानं पाडलेलं भोक, एक्झॉस्ट फॅनची जाळी हे सगळे चोरदरवाजे.

एवढं केल्यावर आमच्या झोपायच्या खोलीत रस्त्याचा आवाज 61 वरनं 53 वर आला. मग सुताराकडनं आतल्या बाजूनं दुसरी काच बसवली, पहिल्यापासून चार इंच सोडून. मधली मोकळी जागा महत्त्वाची. दोन काचा एकमेकींना चिकटून असल्या तर फारसा फायदा नाही. आकडा 46 झाला. रस्त्याकडच्या भिंतीला पुस्तकांनी आणि कपड्यांनी भरलेलं कपाट लावलं, बिछाना समोरच्या भिंतीला नेला. वजन आवाज अडवतं, हलकी वस्तू नाही.

आणि पंखा. पंख्याची एकसारखी सरसर मधूनच येणाऱ्या हॉर्नला झाकते. माणसाची झोप मोठ्या आवाजानं मोडते त्यापेक्षा अचानक बदललेल्या आवाजानं जास्त मोडते. जाग आली नाही तरी शरीर दचकतंच: झोपेत नाडी वाढते, रक्तदाब चढतो, सकाळी माणूस उठतो तो चिडूनच. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 साली युरोपासाठी सल्ला दिला, त्यात वाहनांचा आवाज रात्री घराबाहेर 45 डेसिबलच्या खाली असावा असं म्हटलंय. आमच्या रस्त्यावर तो कधीच नसतो, मी रात्री तीनला उठूनही मोजलाय.

पोरांच्या अभ्यासाची खोली कधीही रस्त्याकडं ठेवू नका. न्यूयॉर्कमध्ये एक शाळा उंचावरनं जाणाऱ्या रेल्वेला लागून होती. आर्लिन ब्रोन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1975 मध्ये दाखवलं, की रुळाकडच्या वर्गांतली मुलं सहावीपर्यंत शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात जवळजवळ वर्षभर मागं पडलेली होती. शाळा एकच होती, फरक खिडक्यांच्या बाजूचा होता. पुढं रुळांखाली रबर घातलं, वर्गांच्या छताला आवाज शोषणाऱ्या लाद्या लावल्या, आणि तो फरक मिटला. माझ्या मुलीचं टेबल मी ही गोष्ट कळल्यावर त्याच संध्याकाळी मागच्या खोलीत नेलं. तिथं उजेड कमी आहे म्हणून ती अजून कुरकुर करते.

चौथं: कान

कापसाचा बोळा घालू नका. काही उपयोग नाही. मोबाईलचे इअरफोन घालून वर गाणं लावणं म्हणजे आगीवर रॉकेल.

फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये मिळतात, दहा-वीस रुपयांना जोडी. पाकिटावर तीसच्या आसपास आकडा छापलेला असतो, प्रत्यक्षात निम्मा मिळाला तरी पुष्कळ. तोही नीट घातला तरच, आणि दहातली आठ माणसं नुसता टेकवून ठेवतात. बोटांत लाटून वातीसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यावरनं नेऊन कानाची पाळी वर आणि मागं ओढा, म्हणजे आतली वाट सरळ होते. प्लग आत सरकवून बोटानं तीस सेकंद धरून ठेवा, फुगेपर्यंत. स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा यायला लागला की बरोबर बसला. हात धुऊनच घाला, आणि कान वाहत असेल तर घालूच नका.

कारखान्यात आम्ही कानावर कप बसतात तसे इअरमफ घेतले. खिळ्याला सँडरच्या बटनाशेजारीच टांगलेत, कारण कोपऱ्यात ठेवले की दोन मिनिटांच्या कामाला कुणी घालत नाही, आणि ती दोन मिनिटं दिवसात वीस वेळा येतात. अब्बा अजून घालत नाहीत. त्यांनी आयुष्यभर हाती कानस चालवली, सँडरला हात लावत नाहीत. म्हणून त्यांचा कान सत्तरीतही शाबूत आहे, हे मी त्यांना कधी बोलून दाखवलेलं नाही.

मिरवणुकीत लहान मूल खांद्यावर घेऊन बॉक्सच्या भिंतीसमोर उभे राहणारे बाप मी दरवर्षी बघतो. मिरवणुकीसाठी उभारलेल्या मिरजेच्या कमानी बघायला लांबून माणसं येतात, या की! पण पोराच्या डोक्यावर इअरमफ हवा, आणि उभं राहायचं ते बॉक्सच्या बाजूला किंवा मागं, तोंडासमोर नाही. मोकळ्या जागेत एका बॉक्सपासूनचं अंतर दुप्पट केलं की सहा डेसिबल कमी होतात. बॉक्सची भिंत असली तर तेवढेही होत नाहीत. म्हणून पाच मीटरवरनं दहावर सरकून भागत नाही, वीस-तीस मीटर सोडा.

मिरवणुकीनंतर कान दडे बसल्यासारखे झाले, किर्र आवाज यायला लागला, तर तो इशारा. एक-दोन दिवसांत गेलं नाही तर डॉक्टर. आणि एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, मग कारण कुठलंही असो, तर तेल घालत बसू नका, आठवडाभर वाट बघू नका. दोन-तीन दिवसांच्या आत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं पोचलात तर औषधानं कान परत यायची शक्यता राहते. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, निमित्त सांगू नका.

पाचवं: माणसं

वही भरली, फटी बुजवल्या, कान झाकले. आता जे उरलं त्याच्यासाठी माणसांकडं जायचं. पण वाजत असताना नाही. रात्री साडेदहाला बॉक्ससमोर उभं राहून बोललेलं कुणाला ऐकूही येत नाही, आणि दहा पोरांसमोर एका पोराला माघार घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, चहाच्या गाड्यावर.

आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पोराला मी "बंद कर" म्हटलं नाही. म्हटलं, "जरा कारखान्यात ये, एक गंमत दाखवतो." त्याच्या हाताला तंबोऱ्याचा भोपळा लावला आणि दुसऱ्या पोराला बाहेर गाणं लावायला सांगितलं. तो दचकलाच. "चाचा, हे आपोआप वाजतंय की ओ!" म्हटलं, "समोरच्या घरातल्या आक्कांच्या छातीत पण असंच वाजतंय. बायपास झालाय त्यांचा." मग मागणी तीनच गोष्टींची: बॉक्सची तोंडं घरांकडं न करता मोकळ्या पटांगणाकडं, बेसची कळ निम्म्यावर, आणि दहाला बंद. पहिल्या दोन मान्य झाल्या. "बेस कमी केला तर मजा काय चाचा?" हे मात्र तो तीनदा म्हणाला. विसर्जनाच्या रात्री बाहेरनं भाड्यानं आणलेली डॉल्बी आली, तिनं काही ऐकलं नाही. पण गणपतीचे बाकीचे दिवस बरे गेले.

आमच्या मोहल्ल्यातला भोंगा एका घराच्या वरच्या खिडकीसमोरच होता. तिथं एक तान्हं मूल. आपल्याच माणसांना सांगायला जास्त जड जातं. आधी दोन म्हाताऱ्यांना बरोबर घेतलं, वही दाखवली, तो शेवटचा रकाना वाचून दाखवला. भोंग्याचं तोंड फिरवलं, आवाज उतरवला. आकडे कुणी विचारले नाहीत. "मूल दचकून उठलं, 5.20" ही ओळ पुरली.

मागताना नेहमी छोटी, करता येण्याजोगी गोष्ट मागा. लग्नकार्यालयाचा जनरेटर बंद होणार नाही, पण त्याचा धुराडा फिरवता येतो, खाली रबर घालता येतं, त्याच्यावर कंपनीनं दिलेला पत्र्याचा डबा असतो त्याची उघडी ठेवलेली दारं लावता येतात. आमच्या मागच्या कार्यालयात दारं उघडीच असायची, "गरम होतं म्हणून". लावल्यावर आमच्या गच्चीवर आठ डेसिबल उतरले.

सहावं: कायदा

ध्वनिप्रदूषणाचे नियम सन 2000 पासून आहेत. वस्तीच्या भागात दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. बाजारपेठेत 65 आणि 55. औद्योगिक भागात 75 आणि 70. शांतता क्षेत्रात 50 आणि 40. रात्र म्हणजे दहा ते सहा. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि रात्री दहानंतर बंद सभागृहासारख्या जागा सोडल्या तर तो वाजवताच येत नाही. सणासुदीला वर्षातनं जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट मिळते, ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. त्या यादीचं कात्रण वहीत चिकटवून ठेवा, म्हणजे ज्या दिवशी सूट आहे त्याच दिवशी तक्रार करून तोंडघशी पडणार नाही. रात्री वस्तीत हॉर्न, आवाजाचे फटाके, बांधकामाची यंत्रं यांनाही बंदी आहे.

दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, हे आपण पाठ केलेलं असतं. पण 2017 मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. सरकारनं ते क्षेत्र तसं जाहीर केलेलं असावं लागतं. दवाखान्यांच्या गावात राहून ही दुरुस्ती वाचली तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. तुमच्या रस्त्याचं काय ते माहिती अधिकारात विचारा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांत उत्तर. त्याच अर्जात, अमुक कार्यक्रमाला ध्वनिक्षेपकाची परवानगी किती वाजेपर्यंत होती, तेही विचारता येतं.

तक्रारीला घाबरण्याचं खरं कारण आपल्या सगळ्यांना माहीत आहे: नाव फुटलं तर? ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर 2016 साली मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. जानेवारी 2025 मध्ये कुर्ल्याच्या रहिवाशांच्या याचिकेवर त्याच न्यायालयानं ते पुन्हा सांगितलं आणि पोलिसांना बजावलं, की तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करा. 112 ला फोन लावा, नाव न सांगता पत्ता, आवाजाचं ठिकाण आणि किती वाजल्यापासून चालू आहे एवढं सांगा. कुणी नाव विचारलंच तर या निकालाची शांतपणे आठवण करून द्या.

रोजचा त्रास असेल तर फोनवर भागत नाही. एक पानी लेखी अर्ज, सोबत वहीच्या पानांची झेरॉक्स, दुसऱ्या प्रतीवर पोच. अर्जात "असह्य", "भयंकर" असले शब्द नकोत. तारखा, वेळा, आकडे आणि शेवटचा रकाना. चार घरांच्या सह्या मिळाल्या तर उत्तम. मला तीनच मिळाल्या, चौथ्या घरचा मुलगा मंडळात होता.

ऑडिओग्राम मी आता दरवर्षी काढतो. विसर्जन झाल्यावर पंधरा दिवसांनी, कानाला विश्रांती मिळाल्यावर. यंदाचा कागद गेल्या आठवड्यात आला. डाव्या कानाचा 4000 चा खड्डा तेवढाच आहे, खोल गेलेला नाही. जवारी काढताना शेवटचा हात मी मुलीला ऐकवून फिरवतो. मागच्या तंबोऱ्याला ती म्हणाली, "अब्बू, थांबा आता, पुरे." मला अजून थोडी बंद वाटत होती. मी थांबलो.